फोडलेली पाळ बुजवण्याच्या अटीवर

मी, डॉ. हेमलता पत्रूजी बोरकुटे, वय एकाहत्तर, यंत्र अभियांत्रिकीची निवृत्त प्राध्यापिका, राहणार ब्रह्मपुरी, हे मृत्युपत्र स्वहस्ते व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर दडपण आहे. त्याला बळी पडून मात्र हे लिहिलेले नाही. बाहेरच्या खोलीत माझा भाचा प्रफुल मोटारसायकल कंपनीच्या माणसाला घेऊन बसला आहे. त्यांच्या करारनाम्यावर माझी सही झाली, तर सावली गावची बोडी आणि ‘झाडी मोटारसायकल अजिंक्यपद’ हे आमच्या झाडीपट्टीतल्या स्पर्धेचे नाव कायमचे कंपनीचे होईल. उद्या नागपूरला माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे, म्हणून त्यांना घाई आहे. मलाही आहे.

१. बोडी. धानाला पाणी पुरवणारी ही लहानशी तळी माझी स्वकष्टार्जित आहे. उन्हाळ्यात ती आटली की तिच्या पोटात आम्ही शर्यती घेत असू. लोक पाळीवर, म्हणजे भोवतीच्या मातीच्या बांधावर, बसत. नियम माझे होते: गाडी कोणत्याही बनावटीची चालेल, आणि निशाण दाखवणारा पाहुणा वेळेवर न आल्यास शर्यत त्याच्याविना सुटेल. कंपनी प्रायोजक म्हणून आली. तिने आधी वेळापत्रक घेतले, मग नियम. तिचीच गाडी सक्तीची झाली; स्वतः बांधलेल्या गाडीवर जिंकणारा ऊर्जानगरचा अमर पाळीवर जाऊन बसला. पुढाऱ्याची वाट पाहत स्वार तापल्या गाड्यांवर उन्हात ताटकळले. निशाणाचा मान पुढाऱ्यांच्या एका गटाला मिळाला, म्हणून दुसऱ्याने ब्रह्मपुरीत वेगळे अजिंक्यपद भरवले. इकडे धावणाऱ्यास तिकडे बंदी, तिकडे धावणाऱ्यास इकडे. दोन विजेते झाले. त्यांना हरवायला कोणी उरले नाही. स्पर्धा अशी मेली.

व्यासपीठापर्यंत मोटारी नेण्यासाठी कंपनीने पाळ फोडली. बोडीत मासे धरणाऱ्या गोकुळाबाई भानारकर तेव्हा म्हणाल्या, “बाई, पाळ फोडून राह्यले हे. पाणी कुठी थांबन मंग?” हंगाम संपल्यावर बुजवू, असे कंपनीने सांगितले. हंगाम संपला, स्पर्धाही संपली. खिंडार तसेच आहे. बोडी मी गोकुळाबाईंना देते.

२. नाव. ते वापरण्याचा अधिकार कोणालाही नाही. कंपनीच्या मसुद्यात ‘अजिंक्यपदक’ असे लिहिले आहे. ज्यांना ते लिहिता येत नाही, त्यांनी ते विकू नये.

३. घर. सकाळी प्रफुल म्हणाला, “आत्या, नाव तं नावच आहे. नावानं काय धान पिकते?” धान पाण्याने पिकते. म्हणून ब्रह्मपुरीचे घर त्याला मिळेल ते एका अटीवर: माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या मृगापूर्वी त्याने स्वखर्चाने खिंडार बुजवावे. नुसती माती लोटू नये. थरावर थर चोपावा. अन्यथा घरही गोकुळाबाईंचे. मी वाचले, तर मीच बुजवीन.

४. हत्यारे. गाड्या दुरुस्तीची सर्व अमरला, तो पाने पुसून जागेवर ठेवत नाही हे माहीत असूनही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी व पाळीची तपासणीही.

५. अंत्यविधी. कोणी पुढारी येणार असल्याचा निरोप आला, तरी थांबू नये. ठरल्या वेळी अग्नी द्यावा.

गोकुळाबाई व अमर यांना लाभ असल्याने त्यांना साक्षीदार केलेले नाही. खालील दोघे मागच्या दाराने आले असून माझ्यासमोर सही करतील.

प्रफुल दाराबाहेरून विचारतो आहे, “आत्या, झाली काय सही?”

झाली.

(सही) हेमलता पत्रूजी बोरकुटे
ब्रह्मपुरी, ११ एप्रिल २०२५

साक्षीदार:
१. रामाजी ठिकरे, शेजारी (सही)
२. दीपिका कुमरे, परिचारिका (सही)