माझी खूण कोणी पुसली?

सीपरी बाजार, झाशी
११ फेब्रुवारी २०२५

ती. हृषीकेशदादास नमस्कार.

वहिनींच्या गुडघेदुखीला आता उतार असेल. इथे थंडी ओसरतेय. ऑनलाइन फॉर्म भरायचे दिवस, त्यामुळे आशूच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जेवायलाही फुरसत नाही. फोनवर आपल्या धाकट्या आशुतोषचं नाव निघालं की तू विषय बदलतोस, म्हणून हे कागदावर.

गेल्या सोमवारी दुपारी दुकानातल्या त्याच्या कॉम्प्युटरवर लिनक्समधली, प्रोग्रॅम ठेवायचे-काढायचे ती यादी उघडली होती. तेवढ्यात जाडजूड रजिस्टर कीबोर्डवर पडलं, वजाचं बटण दाबलेलंच राहिलं आणि तीसेक प्रोग्रॅमवर ‘काढून टाका’ अशी खूण झाली. पण आशूनेच एकदा शिकवलं होतं, “ताई, ही नुसती खूण. शेवटचा हुकूम देईपर्यंत काहीच जात नाही. एकेक पाऊल मागे यायचं.” तशी आले. माझ्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या.

तीन उरल्या. त्याचं बुद्धिबळ, त्याचा तानपुरा, त्याचं चित्रं काढायचं. त्या मी केल्याच नव्हत्या. जुन्या असतील म्हणून त्याही पुसल्या आणि यादी बंद केली.

मंगळवारी सकाळी तिन्हींवर पुन्हा खूण. पुसल्या. बुधवारी परत.

कॉम्प्युटर चोवीस तास चालू असतो. शटरची किल्ली माझ्या कमरेला. इंटरनेटवरून कुणी आत शिरू शकतं, पण पासवर्ड लागतो. तो आम्हा दोघांनाच ठाऊक. आशूनंतर मी तो बदललाच नाही.

शुक्रवारी मी मुद्दाम एक केलं. हिंदी टायपिंगच्या प्रोग्रॅमवर स्वतःच खूण केली. तो गेला तर दुकान बसेल, हे आशूइतकं कुणाला माहीत? संध्याकाळी शटर ओढून घरी आले.

शनिवारी पाहिलं. माझी खूण पुसलेली होती. त्या तीन तशाच.

गिऱ्हाईक “दीदी, दीदी” करत राहिलं आणि मी यादी पुन्हा वरपासून वाचत होते.

दादा, गेल्या वर्षी बबीन्याच्या रुळांजवळ सापडलेला देह ओळखून तू परत आलास, तेव्हा मी एवढंच विचारलं, “तोच का रे?” तू पायऱ्यांवर बसून म्हणालास, “शर्ट त्याचाच होता.” मी पुढे विचारलं नाही. आशू बेपत्ता झाल्यापासून तीन आठवडे दाराकडे बघून थकले होते. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं मला. अंत्यसंस्कार तूच घाईने उरकलेस, तेही मी बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध आहे. भटजींना अजून सांगितलेलं नाही.

तू चेहरा पाहिला होतास का? हो किंवा नाही, एवढंच लिही. खोटं लिहू नकोस.

तुम्हा दोघा भावांची बहीण,
अंबिका