बेडकाचं पान

सावली, जि. चांदा
माघ वद्य पंचमी, सन १९५५

तीर्थरूप दसरूभाऊस,

धाकट्या आतेभावाचा, म्हणजे लटारूचा, बिनआवाजी नमस्कार (घसा बसला आहे, कारण पुढे येईलच). इथे आम्ही बापलेक जिवंत आहोत. क्षेम आहोत म्हणण्याइतकी मजल नाही. तुझी प्रकृती उत्तम असणारच, कारण डॉक्टरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या माणसाने आजारी पडणं बरं दिसत नाही. मामा-मामींना माझे दंडवत सांग. मामींनी पाठवलेलं लोणचं पोचलं, आणि संपलंही.

तू विचारलं आहेस की इंटरचा अभ्यास कसा चालला आहे. भाऊ, अभ्यास फार मोठ्याने चालला आहे. गावात कोणालाही विचार. तळ्यावर म्हशी धुणाऱ्यांना ठाऊक आहे, बाजाराला जाणाऱ्यांना ठाऊक आहे, फक्त माझ्या डोक्याला त्याची अजून खबर लागलेली नाही. मागच्या वर्षी मी आपटलो ते तुझ्यासमोरच. या वर्षी जीवशास्त्रात चांगले मार्क पडले नाहीत, तर तू ज्या दारातून रोज ऐटीत आत शिरतोस ते मला या जन्मी उघडणार नाही. मग लाखोळीच्या डाळीचं शेत आहे, दोन बैल आहेत आणि तिसरा मी आहे. आणि मला खरोखरच डॉक्टर व्हायचं आहे रे. हे एवढं वाक्य मी गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

झालं असं, की श्रावणात आई गेली आणि बाबांनी मला परत नागपूरच्या खोलीवर जाऊच दिलं नाही. (तू तेरवीला आला होतास. बाबा कसे खांबाला टेकून बसले होते, ते तू पाहिलंस. त्या दिवसापासून आईचं नाव त्यांनी काढलेलं नाही, आणि त्यांच्यासमोर मीही काढत नाही.) घरीच अभ्यास कर म्हणाले. मी मनात म्हटलं, ठीक आहे, या घरात आता शांततेला काय तोटा? तिथेच फसलो. बाबा जुन्या काळचे चौथी पास. त्यांच्या शाळेत पाढे असे म्हणत की पुढच्या गावच्या पोरांचेही पाठ व्हावेत. पहिल्याच दिवशी मी पुस्तक उघडून गप्प बसलो, तर ओसरीवरून विचारणा झाली की झोपला काय. वाचतो आहे, मनातल्या मनात, असं मी सांगितलं. त्यावर गुणवंतराव पाटील, म्हणजे आमचे तीर्थरूप, म्हणाले, "मनातल्या मनात जेवलं तं पोट भरते काय?" या प्रश्नाला पदार्थविज्ञानात उत्तर नाही.

तेव्हापासून पद्धत अशी बसली आहे. बाबा ओसरीवर दोर वळत बसतात, मी आत बसून गळा ताणतो. आवाज थांबला की ओसरीवरून खोकला येतो. अडखळलो की "पुन्हा वाच" येतं. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नाही, पण अडखळणं कोणत्याही भाषेतलं ओळखतात. आता तूच सांग, एखादी गोष्ट समजून घ्यायची तर माणसाला क्षणभर गप्प बसावं लागतं की नाही? मी गप्प बसलो की खोकला. समजायच्या आत पुढचं वाक्य. अशा रीतीने सगळं शास्त्र माझ्या डोळ्यांतून शिरतं आणि तोंडावाटे बाहेर पडतं, मध्ये मुक्कामाला कुठेच थांबत नाही. झोपेतही वाचायची विद्या मला आता साधली आहे. परवा जाग आली तेव्हा मी ऑक्सिजन तयार करत होतो, आणि बाबा समाधानाने दोर वळत होते.

शेजारच्या धुरपताकाकूंची नि आमची भिंतीला भिंत आहे. आरंभी त्या हात जोडून ऐकत. त्यांची समजूत, की आईसाठी पोथी लावली आहे (इंग्रजीतली आहे, कारण पोरगा नागपूरला शिकलेला). गंधकाम्लाच्या गुणधर्मांपुढे त्यांनी एकदा पसाभर तांदूळ आणि सुपारीही आणून ठेवली. पण कोणतीही पोथी कधीतरी संपतेच ना! आता त्या भिंतीवरून डोकं काढून विचारतात, "लटारू, तुही पोथी सरते कधी बाप्पा? म्हैस दूध देऊन नाई राह्यली." लोणचं मात्र त्याच म्हशीच्या दह्याबरोबर खायला त्यांनी आमच्याकडूनच नेलं.

एकदा मी लबाडी केली. घसा चालू, डोकं मोकळं, असं काहीतरी जमवावं म्हणून पुस्तकात रेल्वेचं जुनं इंग्रजी टाइमटेबल ठेवलं आणि तेच घडाघडा वाचू लागलो. डोक्यात वनस्पतीचं मूळ-खोड आणि तोंडी गोंदियाची गाडी. बेत नामी होता, पण स्टेशनांची नावं इंग्रजीतही तीच असतात हे माझ्या लक्षात राहिलं नाही. ओसरीवरून आवाज आला, "थे नागभीड पुस्तकात कुठून आलं?" मी घाबरून वेग वाढवला, तो सिंदेवाहीवरून थेट मूल स्टेशनावर आलो. मला वाटलं आता पाठीत दोर बसणार. पण मूलचं नाव ऐकलं आणि बाबा उठून गोठ्याकडे निघून गेले. अंधार पडेपर्यंत आलेच नाहीत. मार चुकला म्हणून मी खूश झालो. एवढाच काय तो त्या महिन्यातला आनंद.

आणि आता नवीन संकट म्हणजे बेडूक. जीवशास्त्राच्या पुस्तकात बेडकाच्या पोटातल्या आतड्या-पडद्यांचं एक पान आहे. पौषात एकदा ते मी वाचलं, तेव्हा बाबांचा दोर थांबला. न अडखळताही "पुन्हा वाच" आलं. पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी गांडूळ काढलं, तर म्हणतात, "थो बेडूक वाच ना." तिसऱ्या दिवशीही बेडूक. कोणाच्या बापाला नागोबा पावला, कोणाच्या म्हसोबा पावला, असं लोकांकडून ऐकलं आहे. आमच्या बापाला बेडूक पावला. रोज आधी बेडकाचं पान, मग बाकीचं जग. ते पान मला असं पाठ झालं आहे की परीक्षेत बेडकाच्या पोटाखेरीज काही विचारू नये अशी माझी देवाकडे प्रार्थना आहे. पान संपलं की बाबा विचारतात, "यात माणूस कधी येते?" मी सांगतो, यात माणूस येत नाही बाबा, माणूस डॉक्टरीला गेल्यावर येतो. ते पुन्हा दोर वळायला घेतात. इतका दोर झाला आहे की सगळी सावली बांधून काढावी.

भाऊ, मी अगदी कंटाळलो आहे. परीक्षा तोंडावर आली आणि मला एका बेडकापलीकडे काही येत नाही. तेव्हा हात जोडून मागणं एवढंच, की नागपुरात तुझ्याजवळपास एखादी खोली पाहा. ओल असली तरी चालेल, ढेकूण असले तरी चालेल, फक्त तिथे गप्प बसता यावं. आणि बाबांना तू पत्र लिही, की हल्ली मनातल्या मनात वाचणाऱ्यांनाच डॉक्टरीला घेतात. तुझं ते ऐकतील. माझं ते फक्त ऐकतात.

तुझा अभागी आतेभाऊ
लटारू

ता. क. घशासाठी नागपुरात चघळायच्या गोळ्या मिळतात म्हणे. चार पाठव. ज्येष्ठमध चावून माझे दात गोड झाले आहेत, घसा तसाच आहे.

पुन्हा ता. क. हे पत्र टाकायचं राहून गेलं. मध्यंतरी घसा पुरता बंद झाला. आवाज नाही, म्हणून वाचन नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. दोन दिवस घरात काही वाजलं नाही, नुसता ओसरीवर दोर. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा आत आले आणि पुस्तकाजवळ बसले. म्हणाले, "सावकाश वाच. हळूच वाच. पण थो बेडूक वाच." मी घोगऱ्या आवाजात विचारलं, बाबा, बेडूकच काऊन? तर म्हणाले, "त्याच्यात थे नाव येते."

कोणतं नाव? बाबांनी ते जिभेवर जपून धरल्यासारखं उच्चारलं. पेरिटोन. श्रावणात आईला बैलगाडीने मूलला नेलं, मूलहून रेल्वेने चांद्याला, आणि तिथल्या डॉक्टरने तिच्या पोटाला हात लावून हा एक शब्द सांगितला. मी तेव्हा नागपुरात होतो. मला नुसती तार आली. बाबांना इंग्रजीतला हा एवढाच शब्द येतो. बेडकाच्या पानावर पोटातल्या पातळ पडद्याला पेरिटोनियम म्हटलं आहे. आईचं बहुधा पेरिटोनायटिस होतं. 'आयटिस' म्हणजे सूज, हे तूच मागे सांगितलं होतंस. इतके महिने हा माणूस माझ्या शास्त्रातून त्या शब्दाची वाट पाहत बसला होता, आणि मी त्याला गोंदियाची गाडी ऐकवत होतो.

मी विचारलं, त्या नावाचं तुम्हाला काय करायचं आहे? बाबांनी दोराचं टोक उलगडून पुन्हा वळलं. मग म्हणाले, "पोट दुखे, तं तुही माय म्हणे, धानाची रोवणी होऊ द्या, मंग दवाखान्यात जाऊ. मी आयकलं तिचं. मले वाटलं, त्या नावाखाली लिवलं असन, का इतके दिवस थांबलं तं चालते."

भाऊ, मी त्यांना सांगितलं की बेडकात तसं काही लिहिलेलं नाही. आणि मग मला रडू आलं. घसा बसलेला असल्यामुळे त्याचाही आवाज झाला नाही.

आणखी एकदा ता. क., शेवटचा. खोली पाहू नकोस. बाबांना पत्रही लिहू नकोस. मी इथेच मोठ्याने वाचीन, आणि समजलं नाही तरी घोकून पास होईन. अशी माणसं पूर्वीही पास झाली आहेत. गोळ्या मात्र पाठव. आणि तुमच्याकडे जे मोठं पुस्तक असतं, माणसाचं, त्यातलं त्या आजाराचं पान मला उतरवून पाठव. तुझ्याकडे ते पुस्तक नसेल तर वरच्या वर्गातल्या कोणाकडून तरी घे. मला ते एकदा बाबांना वाचून दाखवायचं आहे.

उतरवताना एवढं कर. वेळेवर आणलं तर माणूस वाचतो, अशा अर्थाचं त्यात काही असेल तर ते वाक्य गाळून टाक. बाबांना त्यातलं काही कळणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिथे आलो की मी अडखळेन, आणि मी अडखळलो की बाबा "पुन्हा वाच" म्हणतात.