सासूबाईंच्या कानाचे पैसे

१ सप्टेंबर, रविवार

पाळकसाहेबांनी आज चर्चमध्ये नवीन खूळ काढलं. चाळीस दिवस खरेदीचा उपास. किराणा, औषधं आणि येण्याजाण्याचा खर्च सोडून काहीही घ्यायचं नाही. वर प्रत्येकाला मंडळीतला एक सोबती. त्याला दर आठवड्याला खरं सांगायचं, काय घेतलं आणि किती देणं आहे.

चिठ्ठ्या टाकल्या. मला निघाला केस कापणारा. मी त्याला मनातल्या मनात कात्री म्हणतो. तीन वर्षांपूर्वी हा गृहस्थ भर उपासनेत उभा राहून आपलं कर्ज आकड्यासकट सांगून रडला होता. लोकांच्या डोळ्यांत पाणी. मला किळस आली होती. मी वजनमापे निरीक्षक. शहरातला प्रत्येक काटा माझा शिक्का बसला की खरा ठरतो. आणि माझा खरेपणा कात्री तपासणार!

सही केली. नाहीतर लोक म्हणाले असते, याच्याकडे लपवण्यासारखं काही आहे.

वही फक्त माझी, म्हणून एकदाच स्वच्छ लिहून ठेवतो. क्रेडिट कार्डं तीन. (चौथं मोजत नाही, ते पेट्रोलचं.) शिवाय सासूबाईंच्या कानाचे पैसे. हिने तीन वर्षं शिकवण्या घेऊन आईच्या ऐकण्याच्या यंत्रासाठी बासष्ट हजार साठवले. खातं जॉइंट आहे. त्यातले एकेचाळीस हजार मी काढले. काढले नाहीत, फिरवले. दवाखान्याची तारीख ४ ऑक्टोबर. तोवर परत जातील. महिना आहे हातात.

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

फोनवरची खरेदीची सगळी ॲप काढून टाकली. एकूण नऊ. अंग हलकं झालं. हे इतकं सोपं असताना लोक रडतात कशाला?

दुपारी एका वाण्याच्या काट्यात सहा ग्रॅमचा फरक सापडला. म्हणाला, साहेब, धूळ बसली असेल. त्याला सुनावलं की प्रामाणिकपणा ग्रॅममध्येच मोजायचा असतो. दंड केला. दिवस उत्तम गेला.

३ सप्टेंबर, मंगळवार

एक ॲप परत घेतलं. जुन्या तक्रारीचं काय झालं ते बघायला.

पाय दाबायचं मशीन निम्म्या किमतीत होतं. सेल संपायला अकरा मिनिटं. हे मशीन घ्यायचं मी ऑगस्टमध्येच ठरवलं होतं, त्यामुळे ते उपासात धरता येत नाही.

तरी मन खात होतं. संध्याकाळी सासूबाईंच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि देवाला सगळं मोठ्याने सांगितलं. मशीन, कार्डं, एकेचाळीस हजार. मोठ्याने कबूल केल्याशिवाय मला मोकळं वाटत नाही, आणि घरात मोठ्याने बोलता येईल अशी ती एकच खोली. बाईंना ढगांचा गडगडाटही ऐकू येत नाही. विणकाम मांडीवर ठेवून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसतात बिचाऱ्या. दुसरी करमणूक काय? मी हात जोडले की आमेन म्हणतात.

बाहेर आलो तर हिचे डोळे भरलेले. म्हणे, आईपाशी इतका वेळ तिचा सख्खा मुलगाही बसत नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

कात्रीच्या दुकानात पहिला हिशोब. तोही दाढी करताना. बाकी गिऱ्हाईकं गेल्यावर त्याने गळ्यावर वस्तरा टेकवला आणि हळूच विचारलं, या आठवड्यात काय घेतलंत? गळ्यावर वस्तरा असताना खोटं बोलायला हिंमत लागते. माझ्यात ती आहे. म्हटलं, काही नाही.

मग म्हणाला, देणं किती? म्हटलं, घराचा हप्ता, बस.

त्याने वस्तरा पुसला. पाणी मारलं, पावडर लावली. दाढीचे पैसे घेतले नाहीत, म्हणे सोबत्याकडून घेत नाही. उर्मट माणूस.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पार्सलांचा प्रश्न सुटला. घरी आली तर ही बघते. ऑफिसात आली तर शिपाई बघतो. पण मंडळीच्या आवारात दानघर आहे. लोक जुने कपडे, भांडी आणून टाकतात आणि वर्षातून एकदा त्यांची विक्री होते. एक किल्ली महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंकडे, दुसरी माझ्याकडे, कारण तिथला वजनकाटा मी फुकट तपासतो. त्यामुळे पत्ता दानघराचा टाकायचा आणि नावाच्या जागी माझं नाव घालायचं नाही. येता जाता उचलायचं. असं डोकं कार्यालयात वापरलं असतं तर आज उपसंचालक असतो. पण तिथे कदर कोणाला?

चालतं का ते बघायला एक दुर्बीण आणि दोन माणसांचा तंबू मागवला. अजून न आलेल्या मशीनचाही पत्ता बदलून टाकला. तंबू हिच्यासाठीच आहे. आम्ही कुठे जातच नाही, अशी तिची तक्रार असते.

१४ सप्टेंबर, शनिवार

कात्री. वस्तरा. काय घेतलंत? काही नाही.

आज त्याने स्वतःचं सांगायला सुरुवात केली. चार वर्षं तो बायकोपासून लपवत होता. रोज प्रार्थना करायचा, रोज रडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उधारीवर घ्यायचा. म्हणे, देवाला सांगणं सोपं असतं हो, तो उलटून विचारत नाही किती म्हणून. ज्याचं आपण खाल्लं त्याला सांगेपर्यंत माझं काही सुटलं नाही.

न्हाव्याने मला धर्म शिकवावा! मानेवरचे केस नीट काढले नाहीत, ते बघ म्हणावं आधी.

१६ सप्टेंबर, सोमवार

कातडी बॅग. कार्यालयीन कामासाठी, म्हणून खरेदी नाही.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. व्यावसायिक अभ्यासासाठी.

कार्ड चाललं नाही. तिन्ही चालली नाहीत. (चौथंही.) त्यामुळे कानाच्या पैशांतून बारा हजार सहाशे. आता तिथे आठ हजार चारशे. पगार ३० तारखेला होतो. मग सगळं एकदम भरायचं, म्हणजे घोळ होत नाही.

सासूबाईंच्या खोलीत चाळीस मिनिटं. आज रडूही आलं. बाईंनी माझा हात धरला आणि मान हलवत राहिल्या. काही न कळताही माया करतात. आमच्या हिला नाही जमत.

१९ सप्टेंबर, गुरुवार. सायंकाळी ५.३०

अनर्थ. दानघरात गेलो तर मशीन, दुर्बीण, तंबू, बॅग, काटा, सगळं खोक्यांतून बाहेर. टेबलावर ओळीने मांडलेलं आणि प्रत्येकाला किमतीची चिठ्ठी. अध्यक्षबाईंना वाटलं दान आलंय. पत्ता दानघराचा, नाव कुणाचंच नाही, मग आम्ही दुसरं काय समजणार, असं त्या म्हणाल्या. नोंदवहीत लिहून मोकळ्या झाल्या होत्या: एका अनामिक बंधूकडून.

माझ्या बॅगेवर चिठ्ठी होती दोनशेची! दोनशे! तिची शिवण बघितली का या बाईने?

तोंड उघडता येईना. उघडायला जावं तर उपास मोडल्याचं कबूल करावं लागतं. म्हटलं, छान आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

सामान पोचवणाऱ्या माणसाने अध्यक्षबाईंना माझं नाव सांगितलं. म्हणे पैसे भरणाऱ्याचं नाव त्यांच्या यंत्रात दिसतं. या लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

पाळकसाहेबांनी उपदेश थांबवून मला उभं केलं. म्हणाले, हा उपास आपण सर्वांनी घेणं थांबवून पाळला, आणि या बंधूने देण्याने पाळला. सगळी मंडळी उभी. टाळ्या. मी मान खाली घातली. त्यालाही लोक नम्रता म्हणाले. कात्री एकटा बसून होता. बघत होता माझ्याकडे. रागाने बघितलं असतं तर बरं होतं.

वाटेत हिने विचारलं, इतके पैसे कुठून आले? म्हटलं, थकलेला भत्ता मिळाला. ती म्हणाली, मला आधी सांगितलं असतंत तर थोडे आईच्या यंत्रात घातले असते, चांगल्यातलं घेतलं असतं. मग म्हणाली, जाऊ दे, देवाला दिलंत ना. घरी येईपर्यंत माझा हात धरून चालली.

हे सगळं त्या अध्यक्षबाईमुळे.

२८ सप्टेंबर, शनिवार

दानघराची विक्री. दिवसभर माझ्या टेबलाशी उभा राहिलो. माल खपू नये म्हणून प्रत्येकाला दोष सांगत होतो. मशीनने पायाला गोळे येतात. दुर्बिणीतून धूसर दिसतं. तंबू गळतो. लोक एकमेकांना सांगायला लागले, किती खरा माणूस, स्वतःच्या दानाचेही दोष लपवत नाही. दुपारी दोनपर्यंत सगळं संपलं. तंबू तर पाळकसाहेबांच्या भावाने दुप्पट देऊन घेतला.

स्वयंपाकघराचा काटा तेवढा वाचवला. चार ग्रॅमचा फरक काढून अधिकारात जप्त केला आणि तिथेच पंचनामा लिहिला. अध्यक्षबाई ओरडल्या. ओरडोत.

३० सप्टेंबर, सोमवार

पगार झाला सकाळी १०.०४ ला. कार्डवाल्यांनी कापून नेला १०.०६ ला. दोन मिनिटं श्रीमंत होतो.

चिडायचं नाही. अजून चार दिवस आहेत.

२ ऑक्टोबर, बुधवार

हिला सांगितलं की दवाखान्यातून फोन आला होता, यंत्र अजून आलेलं नाही, तारीख पुढे गेली. ती म्हणाली, बरं. मग आईच्या खोलीत गेली. तिने कागदावर लिहून सांगितलं असावं. सासूबाईंच्या विणायच्या सुया थांबल्या, असं बाहेरून तरी वाटलं. मी दाराशी उभा होतो. ऐकत नव्हतो, बूट घालत होतो.

आज त्यांच्या खोलीत गेलो नाही. का कुणास ठाऊक.

३ ऑक्टोबर, गुरुवार. सायंकाळी ६.००



पाळकसाहेब, अध्यक्षबाई आणि कात्री घरी आले. आम्ही सगळे सासूबाईंच्या खोलीत बसलो. पाळकसाहेबांनी पाकीट काढलं. म्हणाले, विक्रीचे पैसे दरवर्षी एका गरजू घराला जातात. या वर्षी एका बंधूने तुमच्या आईंचं नाव सुचवलं. कमी पडत होते तेही त्यानेच घातले, पण नाव सांगू नका म्हणालाय. कात्री खिडकीबाहेर बघत होता. तो दर महिन्याला सासूबाईंचे केस कापायला घरी येतो, हे मला आत्ता आठवलं.

ही हसली. किती स्वच्छ हसली ती. म्हणाली, नको हो, दुसऱ्या कुणाला द्या. आमच्याकडे आहेत. आईच्या कानाचे बासष्ट हजार मी बाजूला ठेवलेत. आम्ही गरजू नाही.

सगळे खाली बघायला लागले. अध्यक्षबाईसुद्धा.

मी पाकिटाकडे बघितलं. हिला नको असेल तर निदान उद्यापुरतं आपण... हा विचार माझ्या मनात आला. खरंच आला. लिहून ठेवतो.

तेवढ्यात सासूबाईंनी सुई खाली ठेवली. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, जावईबापू, मला दार लावून रोज सांगता ना, ते आज हिला सांगा. हिला ऐकू येतं.

सहा वर्षं बाई ओठ वाचतायत. हिला माहीत होतं. कात्रीला माहीत होतं. सामान पोचवणाऱ्यालाही माहीत असेल. मला कुणी सांगितलं नाही. मी तरी कधी विचारलं म्हणा.

म्हटलं, खात्यात थोडे कमी आहेत. ती म्हणाली, थोडे म्हणजे किती? म्हटलं, बघावं लागेल. तिने फोन काढला आणि स्वतःच बघितलं. आठ हजार चारशे. दोनदा बघितलं. मग पाळकसाहेबांच्या हातातून पाकीट घेतलं, दोन्ही हातांनी, आणि थँक यू म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

दानघराच्या नोंदवहीत मी सही केली. घेणारा म्हणून. त्याच पानावर वर, देणारा म्हणूनही मीच आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

यंत्र बसून दोन दिवस झाले. तारीख पुढे गेलीच नव्हती, हे हिने दवाखान्याला फोन करून काढलं. सासूबाईंची पहिली तक्रार: जावई जेवताना फार आवाज करतात. म्हणजे यंत्र चांगलं आहे.

ही जेवण वाढते, बाजूला ठेवते. जप्त केलेला काटा मी दानघरात परत नेऊन दिला. अध्यक्षबाईंनी तो माझ्यासमोर तपासला. फरक निघाला नाही.

काल कात्रीकडे गेलो. वस्तरा टेकवून त्याने विचारलं, घरी किती सांगितलंत? म्हटलं, खात्याचं कळलंय, कार्डांचं राहिलंय. तो म्हणाला, मग अर्धीच दाढी करतो आज. खरंच अर्धीच केली. अशा चेहऱ्याने उपासनेला जाता येईना, म्हणून आज घरीच राहिलो. या माणसाची तक्रार करणार आहे.

दुपारी ४.१५. सवयीने सासूबाईंच्या खोलीत गेलो. दार लावलं. हात जोडले. बाईंनी कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. डोळे मिटले की त्यांना खरंच काही कळत नाही.

मी जोडलेले हात सोडले. मग दार उघडून बाहेर आलो.

ही स्वयंपाकघरात होती. अर्ध्या दाढीकडे बघून हसलीसुद्धा नाही. मी स्टूल ओढलं आणि बसलो.

म्हटलं, कार्डं तीन आहेत.

मग म्हटलं, चार.