साक्षीदार ‘अ’ची वही

मिल स्ट्रीट, १४ मार्च २००५

प्रिय म्युरिएलताईस, धाकट्या डोरीनचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? स्कारबराच्या समुद्राचा वारा त्याला मानवत नाही हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, पण माझं ऐकतंय कोण! इकडे मी बरी आहे. म्हणजे कोर्टात जाऊन आले, त्या मानानं बरी.

शेजारचा क्लिफर्ड तुला आठवत असेलच (कबुतरवाला, अंत्ययात्रेलाही चौकड्यांची टोपी घालणारा). त्याची बायको एडा गेल्यापासून तो रोज पहाटे सहाला परसात उभा राहून मक्याचा डबा खुळखुळवतो आणि ‘या गं पोरींनो, या!’ म्हणून गल्ली जागी करतो. शेवटी मी कौन्सिलकडे तक्रार केली. त्यांनी मला वही दिली, तिच्यात चार रकाने: तारीख, वेळ, काय घडलं, तुमच्यावर काय परिणाम झाला. वर नाव गुप्त ठेवण्याची हमी. मला वाटलं, फार तर एक कडक पत्र जाईल. पण त्यांनी सरळ कोर्टात अर्ज ठोकला: क्लिफर्डनं दोन वर्षं नऊच्या आधी स्वतःच्याच परसात पाय ठेवायचा नाही, डब्याला हात लावायचा नाही, मोडलं तर तुरुंग! ताई, मला शांत झोप हवी होती गं, त्याला तुरुंगात कुठे घालायचं होतं?

कौन्सिलनं ‘साक्षीदार अ’च्या, म्हणजे माझ्या, वहीची पहिली दहा पानंच कोर्टात दिली होती. क्लिफर्डची वकील मिस प्रिचर्ड, चिमुकली पोरगी, पण उठली आणि म्हणाली की ज्याचं घर-अंगण पणाला लागलंय, त्याला आपल्याविरुद्धचा पुरावा अख्खा ऐकायचा हक्क आहे. मॅजिस्ट्रेटबाईंनी वही मागवली आणि मोठ्यानं वाचली. मी मागच्या बाकावर टोपीत तोंड लपवून बसले होते. कारण अकराव्या पानापासून (मी रकाने प्रामाणिकपणे भरते, तुला माहीत आहे) असं होतं: ‘६.१२. डबा नाही. परिणाम: चहा गार झाला. ६.३०. अजून नाही. परिणाम: स्टुलावर चढून भिंतीपलीकडे पाहिलं. ६.५०. डबा वाजला. परिणाम: देवाचे आभार मानले.’ अशी एकोणीस पानं. बाईंनी चष्मा पुसला आणि अर्ज फेटाळला. मला रडू आलं, ते सर्दीचं म्हणून खपवलं.

तुझी,
डोरीन

ता. क. साक्षीदार कोण, हे क्लिफर्डला कळलेलं नाही.

ता. क. २. कळलंय. आज भिंतीवर त्याचा डबा होता. आत मक्याऐवजी आखलेला कागद: ‘रविवार. दुपारी एक. तुझ्याकडे जेवायला येऊ का? अगं, मिनिट न् मिनिट लिहिणारं या गल्लीत दुसरं आहे कोण!’ परिणामाचा रकाना त्यानं माझ्यासाठी कोरा सोडलाय.

ता. क. ३. पत्र खरं तर याचसाठी. आईचा पुडिंगचा साचा, जो तू एकोणीसशे एक्क्याऐंशी साली दोन दिवसांसाठी नेलास, तो शनिवारच्या आत पोस्टानं पाठव. (स्वतः घेऊन येऊ नकोस. गुडघ्याला जप.)