क्रीम सुटाच्या कॉलरवरचं कुंकू

मी, हयवदन राव, वय शहात्तर, राहणार मल्लेश्वरम, बेंगळूरु, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत आणि इस्त्रीच्या शर्टात लिहून ठेवत आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझी एकुलती मुलगी संहिता हिला. ती समंजस आहे, फक्त कपडे डोळे मिटून निवडल्यासारखे घालते.

२. कपाटातील एकशे चौदा शर्ट, अकरा बेलबॉटम व सर्व टाय संहितेने हवे त्याला वाटावेत. घेणाऱ्याने ते घातले पाहिजेत. १९७३ साली मी रुंद पायाची पँट घालून ऑफिसात गेलो, तेव्हा उरलेले कापड परत का केले नाहीस, असे साहेबांनी विचारले होते. आता तसल्याच पँटी जयनगरच्या दुकानांत काचेआड लटकतात. माझ्यानंतर कोणती कॉलर येणार, हे मला कळणार नाही. मरणापेक्षा याचीच हुरहुर जास्त आहे.

३. क्रीम रंगाचा टेरीवूलचा सूट धाकटा भाऊ दयानंद, राहणार बनशंकरी, याला. पण एका अटीवर. आमच्या घरी नव्या कपड्याला आतल्या कोपऱ्यात हळदीकुंकू लावल्याशिवाय तो अंगावर चढवत नाहीत. १९७५ साली मी कमलेला पाहायला निघालो, तेव्हा आईने हे काम दयानंदावर सोपवले. त्याने बोट उमटवले ते कॉलरवर, दर्शनी बाजूला. दुसरा सूट नव्हता, तसाच गेलो. एवढ्या रुबाबदार माणसाच्या कॉलरवर ते बोट पाहून मला हसू आलं आणि मी होकार दिला, असे कमला पुढे सांगायची. अठ्ठेचाळीस वर्षे आमचा संसार झाला. तरी दयानंदाशी मी कामापुरतेच बोलत आलो. कुंकू चुकून लागले की मुद्दाम, हे त्याने सांगितले तरच सूट त्याचा. ते मला जिवंतपणीच ऐकायचे आहे, म्हणून हा मसुदा त्याला पाठवला आहे.

४. (हाताने वाढवलेले.) आज दयानंद आला. बसायच्या आधीच म्हणाला, "मुद्दाम लावलं, अण्णा. तू आरशापुढं उभा राहिलास की घरात मी कुणाला दिसतच नव्हतो."

मग पन्नास वर्षे सांगितले का नाहीस, असे मी विचारले.

"तू विचारलंच नाहीस."

हे खरे आहे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला थांबवून मी त्याच्या शर्टाचे कापड विचारत आलो; भावाला काही विचारले नाही. याची मला लाज वाटते.

एका साक्षीदाराची जागा रिकामी होती. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, असे वकिलांनी बजावले. दयानंदाने पेन मागितले.

"सूट नको अण्णा. अजून स्वल्प दिवस तूच घाल. मी इथं सही करतो."

सबब कलम तीन रद्द. त्याने सही केली, तेव्हा कागद मी धरून ठेवला.

ठिकाण: मल्लेश्वरम, बेंगळूरु
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार: हयवदन राव

साक्षीदार:
१. मंजुनाथ, इस्त्रीवाले, माझे कपडे तीस वर्षे ओळखतात
२. दयानंद राव, सख्खा भाऊ