उलट्या खिळ्यांवरून वाचलेलं पान

बाई, तुमच्या कादंबरीवर आम्ही किंमत छापली होती आठ आणे. ती खरी नव्हे. स्वयंपाकघरात चोरून लिहिण्यात गेलेली दोन वर्षं, तुमचं हुकलेलं माहेर आणि माझ्या हातून गेलेलं एक वाक्य, एवढी तिची खरी किंमत.

आज गिरगावात माझा स्वतःचा छापखाना आहे. तेव्हा परळच्या चाळीतून पायी येऊन दुसऱ्याच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा मी. ऱ्हस्वदीर्घ शिकलो ते तुम्ही प्रुफांच्या समासात केलेल्या खुणांवरून. नव्या लेखकांना मी ऐटीत सांगतो, आमच्याकडे लेखकाचा काना इकडचा तिकडे होत नाही.

त्या दुपारी तुमच्या नवव्या प्रकरणाचं पान जुळवून छपाईआधी जुळणीच्या दगडावर ठेवलं होतं. त्यातला नवरा कधी हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. बायकोनं भावाच्या लग्नाला जाऊ का विचारलं, की एवढंच म्हणतो, "आम्ही काही म्हटलं नाही हं." आणि ती जात नाही. पानात ते वाक्य तीनदा होतं. मला वाटलं, बाईंनी काय नामी रचलंय.

तेवढ्यात तुमचे रावसाहेब आले. बायकोनं घरातलं चव्हाट्यावर मांडलंय असं कचेरीत कुणीतरी त्यांना डिवचलं होतं. मालकांसमोर बसून, हसून म्हणाले, "छापू नका असं आम्ही काही म्हटलं नाही हं."

माझ्या हातातला खिळा गळून पडला. मालकांचा चेहरा उतरला. पुस्तक तिथेच बुडणार हे मला दिसलं. रावसाहेब उठून दगडापाशी आले. खिळ्यांवरची अक्षरं उलटी, त्यांना एक लागेना. मला म्हणाले, "वाच."

मी वाचू लागलो. ते वाक्य आलं तिथे माझ्या तोंडून निघालं, "तुझी मर्जी." पुढे दोनदा तेच वाचलं. रावसाहेब डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, नवरा समजूतदार दाखवलाय. हेच पान छापून उद्या घरी पाठवा. ते गेल्यावर मी तिन्ही ठिकाणचे खिळे उपसून 'तुझी मर्जी' बसवलं.

पुस्तक निघालं. वर्तमानपत्रांनी त्या नवऱ्याची तारीफ केली. रावसाहेबांनी कचेरीत प्रती वाटल्या. तुम्ही मला मागच्या दारी बोलावलंत तेव्हा शाबासकी मिळणार म्हणून मी धुतलेला सदरा घालून आलो. तुम्ही विळीवर भोपळा चिरत होतात. मान वर न करता म्हणालात, "पुस्तक वाचवलंस, खरं आहे. पण ते वाक्य मी रचलं नव्हतं रे. चौदा वर्षं ऐकलं, तेव्हा कुठे लिहिता आलं."

दुसऱ्या आवृत्तीत परत घालतो, असा मी शब्द दिला. तुम्ही आत जाऊन हस्तलिखित आणलंत, माझ्या हातात ठेवलंत आणि पुन्हा विळीवर बसलात.

दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा तुम्हांला जाऊन सहा वर्षं झाली होती. रावसाहेबही नव्हते. भ्यायचं कुणाला? पण एव्हाना लोक ते पुस्तक नव्या नवरीला भेट देऊ लागले होते, त्या नवऱ्यासाठीच. हे पत्र पाठवायचं नाही, म्हणून लिहितो: हस्तलिखित माझ्या कपाटात होतं. जुळणी मी छापील प्रतीवरून केली.