बाबांच्या टाचेवरची हळद

४ मार्च १९९१, सोम. वेम्बली, लंडन
बाबांच्या टाचेची जखम दोन महिने तशीच. शुगर. ड्रेसिंग बदलायला डिस्ट्रिक्ट नर्स येते, सोम-बुध-शुक्र. सुजाता. इल्फर्डची, आपल्यातलीच, बाबांना काका म्हणते. आज मला म्हणाली, "जरा सरक, लाइट अडतोय." एवढ्यावर दिवस गेला.

६ मार्च
सु. म्हणाली, "दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर सर्जनला दाखवावं लागेल." म्हणजे कापणार? बाबा म्हणाले, "कापणारच असतील तर आधी नखं कापा म्हणावं. मला वाकवत नाही." ती हसली. मला नाही हसू आलं.

८ मार्च
लायब्ररीत बसलो. केमिस्ट्री दुसऱ्या वर्षाला सोडली, सरांशी भांडून, पण वाचलेलं कळतं अजून. हळदीतलं कर्क्युमिन सूज उतरवतं. आईला हे पुस्तकाशिवाय ठाऊक. गुडघा फुटला की हळद दाबून भरायची. सु. गेल्यावर पट्टी सोडली, तुपात कालवून दोन चमचे हळद भरली, पट्टी पुन्हा होती तशी.
बाबा: "तिला विचारलंस?"
"सोमवारी स्वतःच बघेल."

११ मार्च
बघितलं. सगळं पिवळं. सु.चा चेहराच उतरला. "हा पू आहे, काका." तपासणीला जखमेतला स्वॅब घेतला, आमच्याच फोनवरून डॉक्टरांना कळवलं. उद्या अ‍ॅडमिट.
मी गप्प. एरवी कुणालाही तोंडावर बोलणारा मी. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. तेही गप्प. माझ्यासाठी.

१२ मार्च
सकाळी क्लिनिकला फोन करून सांगून टाकलं. अर्ध्या तासात ती दारात. कोटसुद्धा न काढता पट्टी सोडली.
"खाली खरा पू असता तर मला दिसला असता?"
मी कर्क्युमिनचा विषय काढला.
"ते लॅबमध्ये. हा फोडणीचा डबा आहे. स्टेराइल आहे का तो?"
बाबा मध्ये पडले, "पोरानं मनापासून केलं गं."
"मनापासून करूनच पाय जातात, काका."
सलाइननं धुतलं. भोवती लाल. हळदीनं की इन्फेक्शननं, स्वॅबचा रिपोर्ट येईपर्यंत सांगता येत नाही म्हणाली. अ‍ॅडमिशन तेवढ्यापुरतं थांबवलं. जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही. बरोबर आहे.

१५ मार्च
स्वॅबमध्ये थोडं इन्फेक्शन. गोळ्या चालू. पण कडेला बारीक गुलाबी रेघ आलीय, नवी कातडी.
"हळदीनं?" विचारायला नको होतं.
"माहीत नाही. माझ्या ड्रेसिंगनं, गोळ्यांनी की तुझ्या हळदीनं, आता कधीच कळणार नाही. तूच घोळ केलायस." आवाज मात्र चढलेला नव्हता.
बुधवारी सर्जन बघणार. म्हटलं, मी बाबांबरोबर जातो, हळदीचं मीच सांगतो.
"लिहून ने," ती म्हणाली. "तू बोलायला लागलास की भांडतोस."
तीन कागद फाडले. चौथ्यावर फक्त तारीख आणि 'दोन चमचे' एवढंच आहे.